पिकअपच्या आतलं प्लास्टिक रंगवायचा धंदा: रंग टिकला तरच गिऱ्हाईक टिकतं



व्हिडिओत तुम्ही डोअर पॅड उतरवण्यापासून परत बसवण्यापर्यंतचं काम बघितलंत. कॅन कसा धरायचा, हात कसा फिरवायचा, हे बघूनच शिकायचं असतं. पण या कामात पैसे कुठे मिळतात आणि कुठे बुडतात, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. म्हणून हा धडा. वही-पेन घेऊन बसा.

काम कुठे आहे?

नारायणगावचा टोमॅटो असो नाहीतर लासलगावचा कांदा, शेतातून बाजारापर्यंत माल आणणाऱ्या गाड्यांत पिकअपची रांग मोठी असते. पाच-सहा वर्षं चाललेल्या पिकअपच्या केबिनमध्ये एकदा डोकावून बघा. उन्हाने डॅशबोर्ड पांढुरका पडलेला असतो. ड्रायव्हरच्या कोपराजवळ डोअर पॅड घासून चकचकीत झालेला असतो. देवाच्या मूर्तीखालची दुहेरी टेप निघून काळा चिकट डाग राहिलेला असतो. अगरबत्तीचे चटके आणि स्टिकरचा गोंद तर ठरलेलाच.

मालक गाडीचं इंजिन आणि टायर सांभाळतो, पण आतलं प्लास्टिक कोणी बघत नाही. त्याला ते तीन वेळा आठवतं: गाडी विकायला काढली की, जुनी गाडी विकत घेतली की, आणि खंडेनवमी-दसरा जवळ आला की. हे तीन प्रसंग म्हणजे तुमचा बाजार. गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावं लागत नाही. पिकअप स्टँड, जुन्या गाड्यांचे एजंट आणि डेन्टिंग-पेंटिंगची गॅरेजेस, या तीन ठिकाणी जाऊन बसा. गॅरेजवाल्यांना हे किचकट काम नकोच असतं, ते तुमच्याकडे पाठवतील.

आधी एक फसलेलं काम

आपल्या एका बॅचमध्ये एक मुलगा होता. गॅरेजमध्ये चार वर्षं बॉडी पेंटिंग केलेलं, हात चांगला बसलेला. त्याने स्वतःचं पहिलं काम घेतलं: एका भाजीवाल्या मालकाच्या पिकअपचे दोन्ही डोअर पॅड आणि ग्लव्ह बॉक्सचं झाकण. दर सांगितला ₹२,०००. मला फोन करून विचारलं, "सर, दर बरोबर आहे का?" मी हिशोब बघितला आणि "बरोबर आहे" म्हणालो. प्लास्टिक कोणतं आहे, हे ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं.

काम दिसायला झकास झालं. मालक खूश झाला, स्टँडवर चार जणांना दाखवलं. नवव्या दिवशी तोच मालक परत आला. भांडला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा पॅड दाखवला. कोपर टेकतो तिथून रंगाचा पापुद्रा सुटला होता, कांद्याच्या सालीसारखा. नख लावलं की पुढे पुढे निघत होता.

पोराने ₹२,००० परत दिले. मालाचे ₹९०० गेले, दोन दिवसांची मेहनत गेली. पण खरं नुकसान वेगळंच होतं. ज्या चार जणांनी रंग बघितला होता, त्याच चार जणांनी पापुद्राही बघितला. पुढचे दोन महिने त्या स्टँडवरून एकही काम आलं नाही.

चूक कुठे झाली? तीन ठिकाणी. प्लास्टिक पीपी होतं आणि त्याला लागणारा प्रायमर मारला नव्हता. मालक वर्षानुवर्षं सिलिकॉनवाली पॉलिश चोळत होता आणि ती फक्त साबणाच्या पाण्याने धुतली होती. आणि गाडीच्या पत्र्यावर चालणारी पद्धत जशीच्या तशी प्लास्टिकवर वापरली होती. यातला एकही मुद्दा हिशोबाच्या कागदावर दिसत नाही. म्हणून मी आता दर विचारणाऱ्याला आधी उलटा प्रश्न विचारतो: "मागे काय लिहिलंय ते बघितलंस का?"

पहिला धडा: भाग उलटा करून वाचा

प्लास्टिकचा भाग उतरवला की त्याच्या मागच्या बाजूला दोन कंसांसारख्या बाणांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ती प्लास्टिकची जात.

- पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. डोअर पॅड, पिलरची कव्हरं, खालचे ट्रिम बहुतेक याचे. कधी पीपीच्या पुढे ईपीडीएम आणि 'टी-२०' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे त्यात रबर आणि २० टक्के टाल्क पावडर मिसळलेली आहे. हे प्लास्टिक मेणासारखं असतं, रंग धरत नाही. रंगाच्या आधी खास पीपीसाठी चालणारा प्लास्टिक प्रायमर मारावाच लागतो. दुकानात 'अॅढेशन प्रमोटर' म्हणून मागा आणि डब्यावर पीपी लिहिलंय का ते बघून घ्या.
- एबीएस. मीटरभोवतीची पट्टी, एसी व्हेंटची चौकट, काही कन्सोल याचे असतात. हे रंग चांगला धरतं, पण कडक थिनर किंवा ॲसिटोनने पुसलं तर पृष्ठभाग विरघळतो, नंतर बारीक तडे दिसतात. एबीएसवर थिनरचं फडकं फिरवायचं नाही.
- पीव्हीसीचं मऊ आवरण. काही डॅशबोर्डवर आणि आर्मरेस्टवर असतं. दाबलं की दबतं. यावर कडक रंग तडकतो. त्यासाठी व्हिनाइलचा लवचिक रंग वेगळा मिळतो.

अक्षरं घासून गेली असतील तर कोपऱ्यातला एखादा निरुपयोगी तुकडा पाण्यात टाकून बघतात. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क मिसळलेलं पीपीसुद्धा बुडू शकतं. म्हणून बुडलं म्हणजे एबीएसच, असं धरू नका. शंका आली की प्रायमर मारा. प्रायमरचा खर्च परत करायच्या कामापेक्षा नेहमीच कमी असतो.

दुसरा धडा: कशाला हात लावायचा नाही

"नाही" म्हणता येणं हेसुद्धा धंद्याचं कौशल्य आहे.

१. एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅगचं कव्हर रंगवायचं नाही आणि उतरवायचंही नाही. ते कव्हर ठरलेल्या जागी फाटून उघडायचं असतं. रंगाचे थर तिथे खेळायची गोष्ट नाही.

२. स्टिअरिंगची पकड, पेडल, गिअरची मूठ, सतत दाबायची बटणं: रंग आधी इथेच उडतो, आणि गुळगुळीत झाला तर हात-पाय घसरतो.

३. सीट बेल्टच्या पट्टीवर ना रंग उडू द्यायचा, ना थिनर.

४. डॅशबोर्डचा वरचा भाग ग्लॉसी करायचा नाही. गिऱ्हाईक "चमकलं पाहिजे" म्हणेल. दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसत नाही. वरचा भाग गडद आणि मॅट, हा नियम. कारण समजावून सांगितलं की गिऱ्हाईक ऐकतं, उलट तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

५. तडकलेला, क्लिपचे कान तुटलेला भाग. आधी नव्या किंवा भंगारातून मिळणाऱ्या चांगल्या भागाची किंमत काढा. रंगवायचा खर्च नव्या भागाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर दोन्ही पर्याय मालकासमोर ठेवा. एक काम कमी होईल, पण माणूस जोडला जाईल.

तिसरा धडा: कामाचा क्रम

क्रम बदलला की काम फसतं. म्हणून हा क्रम भिंतीवर चिकटवून ठेवा.

१. फोटो. भाग उतरवण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, आधीच्या चिरा आणि तुटलेल्या क्लिप मालकाला दाखवा. पॉवर विंडोच्या वायर असतील तर त्यांच्या जोडणीचा फोटो वेगळा.

२. उतरवणं. प्लास्टिकची पट्टी वापरा, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. क्लिप तुटणारच, म्हणून दहा-बारा नव्या क्लिप जवळ ठेवा आणि त्यांचे पैसे दरात धरा.

३. धुणं आणि पॉलिश काढणं. आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. वाळलं की वॅक्स-सिलिकॉन रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन फडकी लागतात: एकाने ओलं पुसायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर सिलिकॉन निघत नाही, फक्त जागा बदलतं. फडकी वारंवार बदला.

४. घासणं. हे धुतल्यानंतरच करायचं. आधी घासलं तर सिलिकॉन चिरांमध्ये कोंबलं जातं, मग कितीही पुसा. प्लास्टिकवर चामड्यासारखा दाणा असेल तर पॉलिश पेपर नको, बारीक स्कॉच-ब्राइट आणि साबणाचं पाणी वापरा, म्हणजे दाणा मोडत नाही. गुळगुळीत भागावर ६०० नंबरचा वॉटर पेपर चालतो. चमक सगळीकडे मेली पाहिजे, कोपऱ्यातसुद्धा. रंग सुटायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते.

५. परत पुसणं आणि तपासणं. एबीएसवर पाणी ओतून बघा. पाण्याचा सलग पातळ पडदा राहिला तर भाग स्वच्छ, पाणी मागे सरकून थेंब झाले तर अजून तेलकट. पीपीवर मात्र स्वच्छ असूनही थेंब होतात, तिथे ही परीक्षा धरू नका. पीपीसाठी पांढरं फडकं फिरवून बघा आणि पुढची टेपची परीक्षा करा.

६. प्रायमर. एक-दोन पातळ हात. काही प्रायमरवर ठरावीक मिनिटांच्या आतच रंग मारावा लागतो, काहींना वाळू द्यावं लागतं. डब्यावरची वेळ वाचा आणि घड्याळ लावा.

७. रंग. कॅन २० ते २५ सेंटिमीटर लांब धरा. भागाच्या बाहेर सुरू करा, बाहेर थांबवा. पहिला हात धुक्यासारखा, खालचं प्लास्टिक दिसलं तरी चालेल. मग दोन हात अजून, प्रत्येक हातानंतर १०-१५ मिनिटं थांबून. जाड हात मारला तर ओघळ येतात आणि दाणा बुजतो. दाणा बुजला की लांबूनही कळतं की प्लास्टिक रंगवलेलं आहे. रंगात बारीक खड्डे पडू लागले, ज्याला पेंटर 'फिश आय' म्हणतात, तर वरून अजून रंग मारू नका. सिलिकॉन राहिलंय. थांबा, वाळू द्या, घासा, पुसा, पुन्हा सुरू करा.

८. वाळणं. हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. बसवायच्या आधी निदान एक दिवस द्या. पुढचा आठवडाभर पॉलिश नाही, ओलं फडकं नाही, स्टिकर नाही. हे मालकाला लिहून द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येऊ शकते. पाऊस पडत असेल त्या दिवशी धुणं-घासणं करा, रंग कोरड्या दिवशी.

स्वतःचा जीव आधी. कापडी किंवा सर्जिकल मास्क थिनरची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या, हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. जवळ गॅस, शेगडी, बिडी-सिगारेट, अगरबत्ती काहीही नको, वाफ पेट घेते. हार्डनर मिसळून मारायचे टू-के क्लिअर टिकाऊ असतात, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. योग्य बूथ आणि सुरक्षा साधनं नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. सुरुवात साध्या मॅट ट्रिम पेंटनेच करा.

टेपची परीक्षा

गिऱ्हाइकाच्या आधी आपणच नख लावून बघायचं. प्रत्येक कामात त्याच प्लास्टिकचा एक तुकडा, किंवा भागाची न दिसणारी मागची कडा, त्याच क्रमाने तयार करून रंगवा. पूर्ण वाळल्यावर ब्लेडने बारीक चौकटी आखा, चिकट टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंग आला तर भाग गाडीत बसवायचा नाही. ही दोन मिनिटांची परीक्षा त्या पोराने केली असती तर नऊ दिवसांनी जे कळलं, ते दुसऱ्याच दिवशी, आपल्या अंगणात कळलं असतं.

चौथा धडा: दर कसा काढायचा

आता हिशोब. काम धरू: दोन डोअर पॅड, दोन पिलर कव्हर आणि मधला कन्सोल. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावातले भाव टाका.

- साबण, रिमूव्हर, फडकी: ₹१२०
- स्कॉच-ब्राइट, वॉटर पेपर: ₹८०
- प्लास्टिक प्रायमर: ₹३५०
- रंगाचे २ कॅन: ₹७००
- क्लिप: ₹१५०
- टेप, हातमोजे, मास्कच्या कार्ट्रिजचा वाटा: ₹१००

मालाचा खर्च झाला ₹१,५००.

मजुरी: उतरवणं दीड तास, धुणं-पुसणं दीड तास, घासणं दोन तास, प्रायमर आणि रंग दीड तास, बसवणं दीड तास. एकूण ८ तास. ताशी ₹१२० धरले तर ₹९६०. स्वतः काम करत असलात तरी ही मजुरी लिहायचीच. जागेचं भाडं, वीज, फोन, पेट्रोल यांचा वाटा ₹२४०. बेरीज झाली ₹२,७००.

आता बहुतेक जण विसरतात तो आकडा: परत करावं लागणारं काम. कितीही सांभाळलं तरी एखादा भाग परत येतोच. त्यासाठी १० टक्के, म्हणजे ₹२७० बाजूला. एकूण ₹२,९७०. यावर २० टक्के नफा ₹५९४. दर निघाला ₹३,५६४, सांगायचा ₹३,६००.

गिऱ्हाईक म्हणेल, "समोरचा पंधराशेत करतो." तुमचा मालच ₹१,५०० चा आहे. पंधराशेत करणारा बहुधा भाग न उतरवता, प्रायमर न मारता, टेप लावून जागेवरच फवारतो. त्याच्याशी दरात स्पर्धा करू नका. टेपची परीक्षा केलेला तुकडा खिशातून काढा, गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि म्हणा, "नख लावून बघा, दादा." पैसे कमीच असतील तर भाग कमी करा, प्रक्रिया कमी करू नका. पाच भागांऐवजी ड्रायव्हरच्या बाजूचा एकच पॅड करू, पण व्यवस्थित करू.

पाचवा धडा: गाडी नाही, भाग ठेवून घ्या

पिकअपवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचं त्या दिवसाचं भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. तुमचे ₹३,६०० त्याला जड वाटत नसतील, पण तीन दिवस गाडी उभी करणं जड वाटतं. म्हणून बरेच मालक काम टाळतात.

यावर उपाय सोपा आहे. संध्याकाळी गाडी रिकामी झाली की तासा-दीड तासात डोअर पॅड आणि पिलर कव्हर उतरवून घ्या. उघड्या वायर नीट बांधा, आतलं हँडल चालतंय ना ते मालकासमोर तपासा. गाडी सकाळी धंद्यावर जाईल, भाग तुमच्याकडे राहतील. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बसवून द्या. त्याचा एकही दिवस बुडाला नाही, तुम्हाला वाळवायला पूर्ण वेळ मिळाला. गिऱ्हाइकाला सांगायची ओळ हीच: "गाडी उभी राहणार नाही."

मालक कागदपत्रांबद्दल विचारतो. गाडीच्या बाहेरचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओचं काम लागतं. आतल्या ट्रिमच्या रंगाची तिथे नोंद नसते.

भांडवल आणि नोंदणी

सुरुवातीला कॉम्प्रेसर आणि गन घेऊ नका. कॅनवर पहिली दहा कामं करा, वहीत प्रत्येक कामाचे तास आणि लागलेले कॅन लिहा. कॅनचा खर्च गनपेक्षा जास्त पडतोय असं वहीच सांगू लागली की मशीन घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ₹५०,००० पर्यंत कर्ज मिळू शकतं, बँकेत जाताना हीच वही घेऊन जा. सेवेच्या धंद्यात महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ₹२० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

त्या पोराचं पुढे काय झालं?

दोन महिने काम नव्हतं, तेव्हा तो घरी भंगारातले पॅड आणून टेपची परीक्षा करत बसायचा. मग त्याच मालकाकडे गेला. म्हणाला, "काका, पैसे नकोत. तुमचा तोच पॅड परत करून देतो. पंधरा दिवस वापरा, मग स्टँडवर काय सांगायचं ते सांगा." मालकाने पंधरा नाही, महिनाभर वापरला. कोपर रोज तिथेच टेकत होतं. रंग हलला नाही. त्या स्टँडवरून पुढचं गिऱ्हाईक त्या काकांनीच पाठवलं. चूक ज्यांनी बघितली, दुरुस्तीही त्यांनाच दाखवावी लागते. जाहिरातीने ते काम होत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. भंगारवाल्याकडून डोअर पॅडचे दोन तुकडे आणा. मागची अक्षरं वाचून वहीत लिहा.

२. एक तुकडा प्रायमर न मारता रंगवा, दुसरा पूर्ण क्रमाने. दोन्हीवर टेपची परीक्षा करा. दोन्ही टेप वहीत चिकटवा. गिऱ्हाइकाला दाखवायला याहून चांगलं माहितीपत्रक नाही.

३. तुमच्या गावातले भाव टाकून वरचा हिशोब स्वतः मांडा.

४. जवळच्या पिकअप स्टँडवर जा. काम मागू नका, फक्त पाच मालकांना विचारा: "गाडी किती दिवस उभी ठेवू शकता?" उत्तर लिहून आणा.

पुढच्या धड्यात जॉब कार्ड कसं बनवायचं आणि ॲडव्हान्स कसा मागायचा ते बघू. तोपर्यंत वही चालू ठेवा, आणि आधी भाग उलटा करून वाचा.